बेलेंच्या पुढची तीन स्टेशनं

तीन दिवसांसाठी एखाद्या युरोपीय राजधानीला जायचं म्हटलं की आपल्या फोनमध्ये आपोआप एक यादी तयार होते. ती कुणा एकाची नसते. थोडी रील्समधून येते, थोडी आधी जाऊन आलेल्या मित्रमैत्रिणींकडून. लिस्बनची यादी साधारण अशी असते: पिवळी ट्राम, आल्फामाचे चढ, रोसियो चौकात चेरीची दारू, जेवायला बाकल्याव, आणि शेवटच्या दिवशी बेलें. बेलेंमध्ये मठ, मनोरा, नदीकाठचं भव्य स्मारक आणि गरमागरम पाश्तेल द नाता. मग बॅग भरायची.

बेलेंला जाणारी लोकल तिथे थांबून पुढे समुद्राच्या कडेकडेनं काश्कायशपर्यंत जाते. बेलेंनंतर आल्जेश, क्रूझ केब्राद आणि तिसरं स्टेशन काशियाश. माझ्या यादीत हे एक नाव जास्तीचं होतं. एक मराठी शिक्षक तिथल्या तुरुंगात होता, आणि गोवा स्वतंत्र झाल्यावरही तब्बल सात वर्षं त्याची सुटका झाली नव्हती.

पण आधी खाणंपिणं. कारण लिस्बनचा इतिहास ताटातून सुरू केला की लवकर कळतो.

चेरीचा पेला आणि जळका चर्च

नोव्हेंबरात लिस्बनच्या रस्त्यांवर धूर असतो. गाड्यांवर चेस्टनट भाजत असतात आणि कागदाच्या पुड्यात बांधून देतात. आपल्याकडे पावसात कणसाच्या गाडीभोवती जसे लोक थांबतात, तसेच इथे. अमेरिकेतून बटाटा येण्याआधी पोर्तुगालच्या डोंगराळ भागात पोट भरायचं ते याच चेस्टनटवर. नंतर बटाटा आला आणि त्याच पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडेही पोचला. नाव तर आपण जसंच्या तसं ठेवलं. पाव, काजू, अननस, चावी, पगार, लिलाव हे शब्दही त्याच बोटीनं आले. लिस्बनच्या बाजारात पाट्या वाचताना मराठी माणसाला अधूनमधून ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटतं, ते त्यामुळे.

चेस्टनट खात खात मी रोसियोच्या शेजारच्या छोट्या चौकात गेले. तिथे १८४० पासूनचं जिंजिन्याचं दुकान आहे. दुकान म्हणजे भिंतीतला एक खण. आंबट चेरी, साखर आणि दारू एकत्र मुरवतात आणि इवल्याशा पेल्यात ओततात. विकणारा एकच प्रश्न विचारतो: फळासकट की फळाशिवाय? आठ-दहा लोक फुटपाथवर उभे राहून पितात, बिया थुंकतात आणि पुढे जातात.

पेला हातात घेऊन मान वळवली की समोर साओ दोमिंगुश चर्च दिसतं. १५०६ च्या ईस्टरच्या सुमारास याच चर्चमधून एका दंगलीला तोंड फुटलं. नऊ वर्षांपूर्वी, १४९७ मध्ये, पोर्तुगालच्या ज्यूंना बळजबरीनं ख्रिस्ती करण्यात आलं होतं. त्यांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत आणि त्यांच्यावर विश्वास कुणाचाच नसे. जमावानं तीन दिवसांत दोन हजारांच्या आसपास माणसं मारली. चौकात २००८ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ एक दगड बसवला. जिंजिन्याच्या रांगेतून तो दोन मिनिटांवर नाही, दहा पावलांवर आहे. चर्चला १९५९ मध्ये आग लागली होती. छत नवं केलं, पण तडकलेले, काळवंडलेले खांब तसेच ठेवले. आत गेल्यावर जळकेपण अजून डोळ्यांना जाणवतं.

रोसियोवर आज जिथे राष्ट्रीय नाट्यगृह आहे, तिथे पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन आलं १५३६ मध्ये. त्याच्या दोन वर्षं आधी एक वैद्य लिस्बन सोडून गोव्याला निघून गेला होता. त्याचं नाव गार्सिया द ओर्ता. ज्यू घराण्यातला 'नवा ख्रिस्ती'. गोव्यात त्यानं आपल्याकडच्या औषधी वनस्पती, फळं आणि मसाल्यांवर ग्रंथ लिहिला. हिंग, आंबा, फणस, मिरी, सगळं त्यात आहे. १५६३ मध्ये तो गोव्यातच छापला गेला. मुंबई बेट काही काळ या ओर्ताकडे खंडानं होतं.

१५६० मध्ये इन्क्विझिशन त्याच्या मागोमाग गोव्यात पोचलं. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला जिवंत जाळलं. आणि १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. आंब्याची चव युरोपला समजावून सांगणाऱ्या माणसाला ही शिक्षा. पोर्तुगीज सत्ता म्हणजे गोव्यात येऊन त्रास देणारे परके, एवढंच चित्र आपण शाळेतून घेऊन निघतो. रोसियोवर उभं राहिलं की कळतं, या सत्तेनं पहिला हात आपल्याच माणसांवर साफ केला होता.

सालाझारचा मासा

दुसऱ्या दिवशी जेवायला बाकल्याव आ ब्राश. खारवून वाळवलेला कॉड मासा भिजवून, त्याचे तंतू काढून, कांदा आणि तळलेल्या बटाट्याच्या काड्यांबरोबर परततात आणि वरून अंडं फोडून हलवतात. वर काळे ऑलिव्ह. अंडा भुर्जीला मासळीबाजाराचा सुगंध असला तर कसं लागेल, तसं लागतं. छान लागतं. ज्या घरात पावसाळ्यासाठी सुकट-बोंबील डब्यात भरून ठेवतात त्या घरातल्या माणसाला तर पहिल्या घासातच पटतं. किराणा दुकानात हा मासा फळीसारखा कडक, मिठानं पांढरा, उभा करून ठेवलेला असतो.

गंमत अशी की पोर्तुगालचा हा 'राष्ट्रीय' मासा पोर्तुगालच्या समुद्रात मिळत नाही. तो थेट न्यूफाउंडलंड आणि ग्रीनलंडच्या थंड पाण्यातला. शतकानुशतकं पोर्तुगीज कोळी तिकडे जात होते. पण गावोगावच्या ताटात स्वस्त बाकल्याव नक्की पोचेल, याची व्यवस्था लावली ती आंतोनियो सालाझारनं. हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक १९३२ मध्ये पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत खुर्चीवर राहिला. निवडणुका नावापुरत्या, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, आणि पिडे नावाचे गुप्त पोलीस. १९३४ मध्ये त्याच्या सरकारनं बाकल्यावच्या व्यापारासाठी वेगळं नियामक मंडळ काढलं. भाव सरकार ठरवी, जहाजं सरकारच्या मदतीनं बांधली जात.

या जहाजांच्या ताफ्याला 'पांढरा ताफा' म्हणत. दुसऱ्या महायुद्धात आपण तटस्थ आहोत हे लांबून दिसावं म्हणून जहाजांना पांढरा रंग दिला होता. मोठं जहाज थांबायचं आणि एकेक कोळी छोट्या होडीत एकटा उतरायचा. धुक्यात, बर्फाळ पाण्यात, दिवसभर गळ टाकून. लष्करातली सक्तीची नोकरी टाळायची तर काही मोसम हे काम करता येई. पोस्टरवर मात्र हे कोळी म्हणजे जुन्या दर्यावर्दींचे वारस. वास्को द गामा कालिकतला गेला तसे हे ग्रीनलंडला चालले आहेत, असा सगळा थाट.

सालाझारची युक्ती ध्यानात घ्यायला हवी. देश गरीब होता, लाखो लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना पुढे काय मिळणार हे सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मागे काय होतं ते सतत सांगितलं गेलं. त्या सांगण्याचं दगडात कोरलेलं रूप पाहायला सगळे जातात ते ठिकाण म्हणजे बेलें.

हापूसचा धनी

बेलें स्टेशनाच्या समोरच्या बागेत एका उंच खांबावर एक पुतळा आहे. हा आफोन्सो द अल्बुकर्क. १९०२ पासून तो तिथे उभा आहे. १५१० मध्ये यानं गोवा जिंकलं आणि नोव्हेंबरातल्या विजयानंतर शहरातल्या मुसलमान रहिवाशांची कत्तल केली. आपल्याकडे त्याचं नाव रोज घेतलं जातं, निदान एप्रिल-मेमध्ये. हापूस हा शब्द याच आफोन्सोवरून आला असं मानलं जातं. कलमं बांधण्याची कला पोर्तुगीजांनी गोव्यात रुजवली, त्यातून हे फळ आलं. शहर घेणाऱ्याचं नाव आपण आंब्याला दिलं आणि तो कोण होता ते विसरून पेट्या घरी आणल्या.

तिथून पाच मिनिटांवर पाश्तेलचं जुनं दुकान. पाश्तेल म्हणजे पापुद्र्यांची वाटी, आत अंड्याच्या पिवळ्या बलकाचं कस्टर्ड, वरून डागलेलं. दालचिनी भुरभुरवून खायचं. याचं मूळ मठांमध्ये आहे. मठवासीयांच्या कपड्यांना खळ करायला अंड्याचा पांढरा भाग लागे, मग उरलेल्या बलकाचं काय करायचं? मिठाई. १८३४ मध्ये सरकारनं मठ बंद केले आणि १८३७ पासून हे दुकान सुरू झालं. दालचिनी श्रीलंकेची, साखर एके काळी गुलामांच्या मळ्यांतली. मी तीन खाल्ली. आणखी खाल्ली असती, पण मागे रांग होती.

जेरोनिमुश मठ दुकानाच्या जवळच आहे. १५०१ च्या सुमारास बांधकाम सुरू झालं आणि खर्च भागला तो पूर्वेकडून येणाऱ्या मिरी-मसाल्यांवरच्या पाच टक्के करातून. दगडात दोरखंड, समुद्री झाडं, गोलक कोरले आहेत. आत शिरताच वास्को द गामाचं थडगं. तो १५२४ मध्ये कोचीत मेला, पण इथल्या थडग्यात त्याला आणलं ते १८८० मध्ये. साम्राज्य झिजत चाललं होतं, तेव्हाच हाडं मिरवत आणण्याची गरज वाटली.

नदीकाठच्या मनोऱ्यावर एका बुरजाखाली झिजलेलं गेंड्याचं डोकं आहे. गुजरातच्या सुलतानानं अल्बुकर्कला दिलेला गेंडा १५१५ मध्ये जहाजानं लिस्बनला आला होता. सगळा युरोप त्यानं वेडा झाला, ड्यूररनं न बघताच त्याचं चित्र काढलं. गेंड्याबरोबर त्याचा भारतीय माहूतही आला होता. त्याचं डोकं कुठे कोरलेलं नाही.

आणि मग ते स्मारक. जहाजाच्या नाळेसारखा ५० मीटरहून उंच दगड. सर्वांत पुढे राजपुत्र हेन्री, मागे दोन्ही बाजूंना ३२ जण: वास्को, अल्बुकर्क, फ्रान्सिस झेवियर, कवी कामोइंश. पहिल्यांदा ते १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरतं उभारलं होतं. दगडात बांधलं १९६० मध्ये, हेन्रीच्या मृत्यूला ५०० वर्षं झाली म्हणून. समोरच्या जमिनीवर संगमरवराचा जगाचा नकाशा आहे, तो त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारनं भेट दिला. लहान मुलं त्यावर देश शोधत पळत असतात, आईवडील फोटो काढत असतात.

१९६० हे साल लक्षात ठेवा. स्मारकाचं काम संपल्यावर सव्वा वर्षानं गोवा गेलं.

तिसरं स्टेशन

बेलेंहून सगळ्या स्टेशनांवर थांबणारी लोकल पकडली. डावीकडे तेजू नदी रुंद होत होत समुद्र होऊन जाते. काशियाशला माझ्याबरोबर दोन शाळकरी मुली आणि भाजीची पिशवी घेतलेले एक आजोबा उतरले. स्टेशनाच्या मागे चढ आहे. घरं, बागा, आणि वर जुन्या किल्ल्याच्या आवारात तुरुंग. आजही तो तुरुंगच आहे, त्यामुळे आत जाता येत नाही. भिंत दिसते, तारा दिसतात, आणि वळून पाहिलं तर खाली समुद्र.

मोहन रानडे मूळचे सांगलीचे, खरं नाव मनोहर आपटे. १९५० च्या सुमारास ते मराठी शिक्षक म्हणून गोव्यात गेले आणि आझाद गोमंतक दलात सशस्त्र लढ्यात उतरले. १९५५ च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात ते जबर जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा झाली २६ वर्षांची. पुढे त्यांना पोर्तुगालला हलवलं आणि काशियाशच्या किल्ल्यात ठेवलं. तुरुंगवासातली सहा वर्षं एकांतकोठडीतली.

हे एकटेच नव्हते. १९४६ मध्ये लोहियांच्या सभेनंतर जे आंदोलन उठलं, त्यात पकडलेल्या त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन लिस्बनच्या उत्तरेला पेनिशच्या किल्ल्यात ठेवलं होतं. तेलो मास्करेन्हस काशियाशमधून सुटले ते १९७० मध्ये.

पण या भिंतीआड गोवेकर अल्पसंख्य होते. बाकीचे सगळे पोर्तुगीज: कामगार, कम्युनिस्ट, विद्यार्थी, बंडखोर कारकून. ४ डिसेंबर १९६१ ला यांतल्या आठ जणांनी कमाल केली. तुरुंगाच्या गॅरेजात सालाझारसाठीची एक चिलखती गाडी पडून होती. एका कैद्यानं फितूर झाल्याचं सोंग करून गॅरेजात काम मिळवलं, गाडी दुरुस्त केली, आणि एका सकाळी आठ जण तीत बसून फाटक फोडून निघून गेले. मागून गोळ्या झाडल्या, पण गाडीच गोळ्या अडवण्यासाठी बनवलेली.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १८ डिसेंबरला, भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. शेवटच्या माणसापर्यंत लढा, शरणागती नाही, असा सालाझारचा हुकूम होता. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हा यांनी तो मानला नाही आणि १९ तारखेला शरणागती पत्करली. शेकडो जीव वाचवल्याबद्दल त्यांना मायदेशी सैन्यातून बडतर्फ करण्यात आलं.

तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक भारताच्या ताब्यात आले. मे १९६२ पर्यंत ते घरी परतले. रानडे मात्र पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. ज्या जमिनीसाठी शिक्षा झाली, ती मोकळी झाली होती. ज्या कायद्यानं शिक्षा झाली, तो तिथे उरलाच नव्हता. तरी कोठडीचं दार बंद. महाराष्ट्रात आणि गोव्यात त्यांच्या सुटकेसाठी मोहीम चालली, संगीतकार सुधीर फडके तिच्यात पुढे होते. तेव्हाच्या मद्रास राज्याचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी १९६८ मध्ये पोपच्या भेटीत हा विषय काढला. त्याच वर्षी सालाझार खुर्चीवरून पडला, मेंदूला मार बसला आणि सत्ता त्याच्या हातून गेली. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. पकडल्यापासून तेरा वर्षं उलटली होती. पुढे ते पन्नास वर्षं जगले आणि २०१९ मध्ये पुण्यात वारले.

शामुसा

शेवटच्या दुपारी मी शहरातल्या मोठ्या चर्चजवळच्या अल्जूब संग्रहालयात गेले. १९२८ ते १९६५ इथेही राजकीय कैदी असत. कोठड्या इतक्या अरुंद की हात पसरता येत नाहीत. कैदी त्यांना 'कुर्रू' म्हणायचे. झुंजीचा बैल रिंगणात सोडण्याआधी कोंडतात, ती जागा. पिडेचं मुख्यालय मात्र आता महागडे फ्लॅट झाले आहे. २५ एप्रिल १९७४ ला सैन्यानं हुकूमशाही उलथली, लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत कार्नेशनची फुलं खोवली. त्या दिवशी या इमारतीतून झालेल्या गोळीबारात चार जण मेले. त्यांच्या नावांची पाटी भिंतीवर आहे.

संध्याकाळी मोरारीयाच्या गल्लीत एका छोट्या गोवेकर खानावळीत शिरले. लिस्बनमध्ये सामोसा कुठल्याही कॅफेत मिळतो, 'शामुसा' म्हणून. गल्ल्यावरच्या बाईंनी माझ्याकडे पाहून थेट कोंकणीत विचारलं, "खंयची गो तूं?"

"पुण्याची, मावशी."

त्यांचे वडील मोझांबिकमध्ये कारकून होते. तिथलं पोर्तुगीज राज्य संपल्यावर घर सोडून लिस्बनला आले. मी रानड्यांचं नाव काढलं. त्यांनी ऐकलं नव्हतं. "आमच्या घरात १९६१ चं नाव काढलं की पाय रडायचा," एवढंच म्हणाल्या आणि शाकुती आणायला गेल्या. गोव्यात बापाला 'पाय' म्हणतात. एकाचं स्वातंत्र्य ते दुसऱ्याचं घर जाणं, हेही त्याच इतिहासात आहे, आणि ते सांगणाऱ्या बाईच्या हातची शाकुती अप्रतिम होती.

लिस्बन हे 'त्यांचं' शहर म्हणून पाहायला मी गेले असते तर बेलेंचं स्मारक पुरेसं होतं. तिथे जेते एका रांगेत उभे आहेत. पण काशियाशमध्ये गोव्यासाठी लढणारा आणि पोर्तुगालसाठी लढणारा एकाच भिंतीआड होते, त्यांना कोंडणारे पोलीसही तेच. २६ एप्रिल १९७४ च्या रात्री नातेवाइकांची गर्दी काशियाशच्या फाटकाशी थांबली होती आणि मध्यरात्रीनंतर कैदी बाहेर आले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पोर्तुगालच्या नव्या सरकारनं गोवा भारताचा आहे हे मान्य केलं. वासालो इ सिल्व्हांनाही त्यांचं लष्करी पद परत मिळालं.

लिस्बनला गेलात तर बेलेंला नक्की जा. पाश्तेल गरम असतानाच खा, दालचिनी टाकून. मग त्याच लोकलमध्ये पुन्हा बसा आणि तीन स्टेशनं पुढे जा. वर पाहण्यासारखं फारसं काही नाही, एक भिंत आहे.